ज्याने घडवले, त्यालाच तारावे का लागते?

प्रश्न : आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्यांच्या घरच्या प्रार्थनेला मी दोन-चारदा बसले आहे. देवाला ते एका दमात उत्पन्नकर्ताही म्हणतात आणि तारणाराही. माझी अडचण अशी की आपल्याकडे ब्रह्मदेव निर्माण करतो, विष्णू सांभाळतो. कामे वाटलेली आहेत. इथे एकाच देवाने जग केले, तेही चांगले केले म्हणतात. मग ते वाचवायची पाळी त्याच्यावर का यावी? पहिल्यांदाच नीट का केले नाही? आणि सहा दिवसांत जग झाले हे शिकली-सवरलेली ख्रिस्ती माणसे अजून खरे मानतात का?
— एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : तुम्हाला जो पेच पडला तो खरा आहे. ख्रिस्ती लोकांनाही तो पहिल्या शतकांतच पडला होता आणि त्यापायी मोठी फूटही पडली. ती हकिकत पुढे येईलच. आधी एक समज दूर करू. आपल्याला वाटते, माणूस आधी ‘हे जग कोणी केले’ असे विचारतो, मग देव मानतो आणि शेवटी त्या देवाकडे सुटका मागतो. बायबलच्या पहिल्याच पानावर उत्पत्तीची कथा येते, त्यामुळे हा समज आणखी घट्ट होतो. पण बायबलची पाने ज्या क्रमाने लागली आहेत, त्या क्रमाने ही श्रद्धा घडली नाही. इस्राएल लोकांना आधी सोडवणारा देव भेटला. सगळ्या जगाचा कर्ता तोच, हे त्यांना पुढे उमगत गेले.

बायबलच्या पहिल्या भागात, म्हणजे जुन्या करारात, ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक आहे. त्याच्या सव्विसाव्या अध्यायात एक शेतकरी भेटतो. हंगामाचे पहिले फळ टोपलीत घालून तो देवाच्या ठिकाणी येतो. याजक त्याच्या हातची टोपली घेतो आणि वेदीपुढे ठेवतो. मग शेतकऱ्याने काय बोलायचे ते ठरलेले आहे. आमचा पूर्वज भटक्या होता, मूठभर माणसे घेऊन तो मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गेला, तिथे आम्ही वाढलो, मिसऱ्यांनी आम्हाला राबवले, छळले, आम्ही टाहो फोडला, देवाने ऐकले, आम्हाला बाहेर काढून ही जमीन दिली, आणि तिचेच हे पहिले पीक, अशा आशयाचे ते बोलणे आहे. मातीतून नुकतेच आलेले फळ समोर आहे, तरी ही माती कोणी केली याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. तो गुलामगिरीतून सुटल्याची गोष्ट सांगतो. गेरहार्ड फॉन राड या जर्मन अभ्यासकाने १९३० च्या दशकात या कबुलीकडे लक्ष वेधले. त्याची सगळीच मते पुढच्यांनी मान्य केली नाहीत, पण त्या टोपलीपुढच्या बोलण्यात सृष्टी नाही एवढे कोणालाही दिसते.

मग सृष्टी कधी पुढे आली? सगळे हातचे गेले तेव्हा. इ.स.पू. ५८७ च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलॉनच्या, नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले आणि तिथली कर्तीसवरती माणसे धरून बाबेलला नेली. राजा हरला की त्याचा देवही हरला, अशी त्या काळची समजूत होती. बाबेलमध्ये दर नववर्षाच्या उत्सवात मार्दुक देवाचे महाकाव्य म्हटले जाई. मार्दुकाने तियामत या सागरदेवतेला मारले, तिचा देह दुभंगला, त्यातून आकाश आणि पृथ्वी केली. एका बंडखोर देवाच्या रक्तातून माणूस केला, आणि तो कशासाठी, तर देवांची चाकरी करायला. जेत्यांच्या या गोष्टी कैद्यांच्या कानांवर येतच असणार.

त्या कैद्यांमध्ये एक संदेष्टा उभा राहिला. त्याचे नाव कोणी नोंदवले नाही. त्याची वाणी यशयाच्या पुस्तकात चाळीस ते पंचावन्न या अध्यायांत आहे, म्हणून अभ्यासक त्याला ‘दुसरा यशया’ म्हणतात. मला विचाराल तर अख्ख्या जुन्या करारात याच्याइतका धीर देणारा माणूस दुसरा नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या वाडवडिलांना मिसरातून ज्याने काढले तो काही एका टोळीपुरता देव नव्हे, आकाश पसरणारा, ताऱ्यांना नावाने हाक मारणारा तोच आहे, आणि ज्याच्या हातचे हे सगळे आहे त्याला बाबेलची वेस आडवी येणार नाही. इथे दोन्ही गोष्टी प्रथमच अशा एकजीव झालेल्या दिसतात. तो कर्ता आहे, म्हणून सोडवू शकतो. इ.स.पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या कोरेश राजाने, म्हणजे सायरसने, बाबेल घेतले आणि परतीची वाट मोकळी झाली.

उत्पत्तीचा पहिला अध्याय आजच्या रूपात याच काळात किंवा त्याच्या आगेमागे सिद्ध झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ही पार्श्वभूमी डोक्यात ठेवून तो वाचला की निराळाच वाटतो. त्यात कुठे लढाई नाही, कोणाचे रक्त सांडत नाही. सूर्याला सूर्य आणि चंद्राला चंद्र असेही म्हटलेले नाही. एक मोठी ज्योती आणि एक लहान ज्योती, बस्स. बाबेलात शमाश हा सूर्यदेव आणि सिन हा चंद्रदेव दोघांची मंदिरे होती, आणि इथे कैदेतला लेखक त्यांना आकाशात लावलेले दिवे म्हणतो. माणूसही चाकरीसाठी घडवलेला नाही. तो देवाचे प्रतिरूप आहे, पुरुष आणि स्त्री दोघेही. ज्यांना कोणी माणसात मोजत नव्हते, त्यांनी हे लिहिले.

आणखी एक ठिकाण सांगतो, ते याहून कठीण आहे. अंतियोख चौथा या राजाने यहुदी धर्मावर बंदी आणली, तो काळ इ.स.पू. १६७ च्या सुमाराचा. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात एक आई आहे. धर्म सोडत नाहीत म्हणून तिच्या सातांपैकी सहा मुलांना तिच्यादेखत हालहाल करून मारले जाते. धाकटा उरतो. राजा तिला सांगतो, याला समजाव, वाचेल. ती पोराकडे वाकते आणि आपल्या भाषेत त्याला सांगते की आकाशाकडे, धरतीकडे बघ. देवाने हे असलेल्या वस्तूंतून केलेले नाही. तू माझ्या पोटात कसा आकाराला आलास हे मलाही कळले नाही. ज्याने तो जीव दिला तो परत देईल. ‘शून्यातून निर्मिती’ हा ख्रिस्ती तत्त्वज्ञानातला मोठा सिद्धान्त. त्याचा सर्वांत जुना उच्चार म्हणून बरेच जण याच वाक्याकडे बोट दाखवतात. एखाद्या पंडितसभेत तो झालेला नाही. मुलाच्या मरणापुढे उभी असलेली आई तो बोलली, कारण तिला दुसरा आधार उरला नव्हता. काही नव्हते तिथून ज्याने सगळे आणले, त्याच्यापुढे मरण ही शेवटची भिंत ठरत नाही.

आपल्या दर्शनांत हा प्रश्न निमित्तकारण आणि उपादानकारण या शब्दांत मांडला जातो. नैयायिक म्हणतात, ईश्वर निमित्त आहे, पण परमाणू आधीपासून आहेतच. सांख्य प्रकृतीला अनादी मानतात. अद्वैती म्हणतात, ब्रह्म हेच दोन्ही. ख्रिस्ती उत्तर या तिन्हींहून वेगळे आहे : जग देवातून निघालेले नाही आणि देवाआधीच्या कुठल्या द्रव्यातूनही घडलेले नाही, त्याने ते असावे असे इच्छिले, म्हणून ते आहे. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांच्या ‘षड्दर्शन दर्पण’ या ग्रंथात या वादाला मोठी जागा आहे. त्यांची सगळी खंडने आज मला पटत नाहीत. ज्या परंपरेतून आले तिच्याशी ते कित्येकदा फार कठोर वागले. पण सृष्टी देवाहून वेगळी असूनही खरी आहे, या मुद्द्याचे मोल त्यांनी नेमके ओळखले होते.

आता कामांच्या वाटणीबद्दल. ख्रिस्ती लोक पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणतात, तेव्हा पित्याकडे निर्मितीचे खाते आणि पुत्राकडे तारणाचे, असे बाहेरून वाटू शकते. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ वाचला की हा समज टिकत नाही. तिथे म्हटले आहे की ज्या शब्दाच्या द्वारे सारे काही झाले, तोच शब्द माणूस होऊन आपल्यात राहिला. गालीलातल्या वाटांवर चालणारा, भुकेलेल्यांना भाकरी देणारा, वधस्तंभावर मेलेला हा येशू आणि जग घडवणारी ती शक्ती, यांच्यात दुजाभाव नाही. या दाव्याने यहुदी आणि ग्रीक दोघेही अवाक झाले. आजही तो पचायला सोपा नाही, आणि सोपा करून सांगण्यात प्रामाणिकपणा नाही.

वर म्हटलेली फूट इथेच पडली. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपी गावचा मार्सियन नावाचा श्रीमंत जहाजमालक रोमला आला आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळीला त्याने दोन लाख सेस्टर्स इतकी मोठी देणगी दिली. त्याची शंका जवळजवळ तुमचीच होती. दुःखाने भरलेले हे जग करणारा देव आणि येशूने सांगितलेला दयाळू पिता एकच कसे असतील? म्हणून त्याने ते दोन केले : जग घडवणारा खालच्या पायरीचा, आणि आपल्याला या जगातून काढून नेणारा वेगळाच, कोणी परका. त्याने जुना करार टाकला आणि लूकच्या शुभवर्तमानातूनही नको ते भाग कापले. सन १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले आणि त्याची देणगीही परत केली.

मंडळी एवढ्या टोकाला का गेली? मार्सियनचे उत्तर मान्य केले असते तर गणित सुटले असते, पण देह, माती, अन्न, मूल होणे हे सारे परक्याच्या मालकीचे ठरले असते. तारण म्हणजे पळून जाणे झाले असते. लिऑनचा बिशप इरेनियस याने सन १८० च्या सुमारास अशा मतांविरुद्ध मोठा ग्रंथ लिहिला. त्यातला एक युक्तिवाद मला फार आवडतो : भाकर आणि द्राक्षारस जर दुसऱ्या कोणी केलेले असतील, तर ते ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त म्हणून आपण हातात कसे घेतो? पुढे सन ३२५ मध्ये निकिया इथे बिशपांची परिषद भरली. तिथे ठरलेला मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव कबुली, दृश्य आणि अदृश्य अशा सर्वांच्या कर्त्यापासून सुरू होतो, मग पुत्राकडे वळतो आणि सर्व काही त्याच्याद्वारेच झाले असे पुन्हा बजावतो. तुमचे शेजारी प्रार्थनेत जे एका दमात म्हणतात, त्याच्यामागे हे सगळे आहे.

‘पहिल्यांदाच नीट का केले नाही’ या तुमच्या प्रश्नाला सर्वांत समर्पक उत्तर आलेक्झांड्रियाच्या अथनासियसने दिले. या माणसाला आपल्या मतांपायी पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. तो म्हणतो, फळीवर एखाद्याचे चित्र काढले होते, ते डागांनी पार पुसट झाले. फळी मोलाची आहे, म्हणून ती कोणी फेकत नाही. ज्याचे चित्र होते त्यालाच पुन्हा समोर बसावे लागते, म्हणजे त्याच फळीवर तीच रेषा पुन्हा उठते. माणूस हे ते चित्र. आपण देवाच्या प्रतिरूपाचे, ते रूप आपल्या हातून मळले, आणि ते पुन्हा उमटवायचे तर मूळ ज्याचे ते रूप त्यानेच यायला हवे. दुसरा कोणी, देवदूत असो की संत, ते करू शकत नाही. म्हणून ख्रिस्ती श्रद्धेत तारणारा कर्त्याहून वेगळा असूच शकत नाही.

ते मळले कसे, याला ख्रिस्ती उत्तर ‘पाप’ असे एका शब्दात देतात, आणि माणसाला नकार द्यायचे स्वातंत्र्य होते असा त्याचा अर्थ सांगतात. कठपुतळ्यांच्या प्रेमाला देव प्रेम मानत नाही. हे मला पटते, पण याने सगळे फिटते असे मी तुम्हाला सांगणार नाही. भूकंपात गेलेल्या लेकराचे दुःख कोणाच्या स्वातंत्र्याने समजावता येत नाही. बायबललाही ते ठाऊक आहे. ईयोबाच्या पुस्तकात निरपराध ईयोब देवाला जाब विचारतो, आणि वावटळीतून देव बोलतो तेव्हा तो कारण देत नाही. समुद्र, हिमाची भांडारे, रानटी गाढव, शहामृग, घोडा, सगळी सृष्टी तो त्याच्यापुढे एकेक करून मांडतो. आणि ईयोबाला दोष देणाऱ्या धार्मिक मित्रांवर देव रागावतो, हे विशेष. ख्रिस्ती माणूस याच्या पुढे एकच गोष्ट म्हणू शकतो : कर्ता बाहेर उभा राहून पाहत बसला नाही, तो आत आला आणि वधस्तंभावर आपल्यासारखाच मेला.

हे सगळे परदेशी, पुस्तकी वाटत असेल, तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. आई-वडिलांबरोबर पुराणे सांगत, तीर्थे करत त्या देशभर फिरल्या. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. पुढे आसामात सिल्चरला असताना एका बाप्टिस्ट मिशनऱ्याने त्यांना उत्पत्तीचा पहिला अध्याय उलगडून सांगितला. आपण वाचलेल्या कथांहून ही कथा किती निराळी आहे, याचे त्यांना फार कुतूहल वाटले, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. म्हणजे त्यांना आधी कर्ता भेटला. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयात नेहेम्या गोऱ्यांच्या लिखाणाचा वाटा होता. तरी येशू हा देव आहे हे मानायला त्यांची बुद्धी लगेच तयार झाली नाही, आणि त्यावरून तिथल्या मठातल्या भगिनींशी त्यांनी पत्रांतून रोखठोक वाद घातला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला आणखी काही वर्षे लागली, असे त्या पुढे सांगत. आणि तो सापडल्यावर त्यांनी काय केले? १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, सोडून दिलेल्या मुली गोळा करून केडगावला आणल्या. त्यांना खाऊ घातले, विणकाम, शेती, छपाई शिकवली. त्या संस्थेचे नाव मुक्ती. आत्म्याला मुक्ती आणि पोटाला उपास, हा हिशेब रमाबाईंना मान्य नव्हता. ज्याने देह दिला त्याच्याच नावाने त्या तारणाचे बोलत होत्या. याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे मुक्तीतल्या मुलींनी जुळवले होते.

हे सारे डोळ्यांनी पाहायचे असेल तर ईस्टरच्या आदल्या रात्री वसईतल्या कुठल्याही कॅथलिक चर्चला जा. तिथली उपासना बहुतेक मराठीत असते. चर्चचे दिवे मालवलेले असतात. बाहेर अंगणात विस्तव पेटवतात. धर्मगुरू पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरतात, वर ग्रीक वर्णमालेतले पहिले अक्षर, खाली शेवटचे, आणि क्रूसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. मग धुपाचे पाच खडे तिच्यात रोवतात, ख्रिस्ताच्या पाच जखमांची खूण म्हणून. ती ज्योत आत नेतात, तिच्यावरून लोक आपापल्या मेणबत्त्या पेटवतात, आणि वाचन सुरू होते ते उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायापासून. मिसरातून सुटताना इस्राएलांनी तांबडा समुद्र ओलांडल्याचे वाचन तर त्या रात्री कधीच वगळता येत नाही. मग पुनरुत्थानाचे शुभवर्तमान, मग पाण्याला आशीर्वाद आणि स्नानसंस्कार. त्या एका उपासनेत सृष्टी, सुटका आणि नवी सृष्टी एका ओळीने समोर येतात. मला वाटते, हजार पानांच्या ग्रंथापेक्षा ती रात्र जास्त समजावून देते.

सहा दिवसांचे थोडक्यात. शब्दशः मानणारे ख्रिस्ती आहेत, आपल्याकडेही आहेत. पण हे दिवस आपल्यासारखे चोवीस तासांचे नव्हेत, असे संत ऑगस्टीनने पाचव्या शतकातच लिहिले, तेव्हा कुठले विज्ञान त्याच्यावर दडपण आणत नव्हते. विश्व एका अतिघन आरंभातून पसरत गेले ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरूच होता. आपल्या सिद्धान्ताचा कोणी उत्पत्तीच्या पुराव्यासारखा वापर केला की तो अस्वस्थ होई, आणि ते योग्यच होते. उत्पत्तीचा अध्याय जग कधी आणि कोणत्या प्रक्रियेने झाले हे मोजत नाही. ते कोणाचे आहे, आणि त्यात माणसाची जागा काय, हे तो सांगतो.

वाचायचेच असेल तर यशयाचा चाळिसावा अध्याय आधी घ्या, मग उत्पत्तीचा पहिला, ईयोबाचे अडतीस ते एकोणचाळीस आणि योहानाचा पहिला. ओवीत वाचायची हौस असेल तर फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ आहे. १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलेले. त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीपासूनची कथा आहे, दुसऱ्यात ख्रिस्ताची. भाषा जुनी आहे, पण एकदा कानात बसली की अडत नाही. आजच्या मराठीत हवे असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ पाहा. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते. मक्काबींची ती आई मात्र शेजारी प्रॉटेस्टंट असतील तर त्यांच्या बायबलमध्ये सापडणार नाही. ते पुस्तक कॅथलिक आवृत्तीत असते, तेव्हा तीच मागून घ्या.